कोरडे मिस्त्रींचा शब्द

कोरडे हे मिस्त्रींचं आडनाव नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवर खरं आडनाव छापलं, तेव्हा निम्म्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं होतं, हे कोण बुवा आणि आम्हाला कशाला बोलावताहेत? मिस्त्रींनी आयुष्यभर एकाच प्रकारच्या गाड्या दुरुस्त केल्या. गोल पाठीच्या, मागे इंजिन असलेल्या, आता कुठे बनत नाहीत अशा जुन्या गाड्या. त्यांच्या इंजिनाला पाणी लागत नाही. मोठा पंखा फिरतो, वारा सुटतो, त्यावर इंजिन थंड होतं. पाणी नाही, रेडिएटर नाही, गळायची भानगड नाही. म्हणून गाड्या कोरड्या आणि मिस्त्रीही कोरडे.

बाकी माणूस कोरडा अजिबात नव्हता. गप्पिष्ट, चिडका, चहाबाज. गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड. आत एक खड्डा, त्यात उतरायला लाकडी शिडी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि दारात गिऱ्हाइकांसाठी गाडीचीच काढलेली एक मागची सीट. रविवारी सकाळी या सीटवर बसायला मारामारी व्हायची. जुन्या गाड्यांची सगळी वेडी मंडळी तिथे जमायची, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची: "मिस्त्री, पार्ट कुठून घेऊ?"

हा प्रश्न साधा नाही. गाडी बनवणारे कधीच हात झटकून मोकळे झालेत. आता पार्ट बनवतात ते भलतेच लोक. काही जीव लावून बनवतात, काही नुसता डबा सुंदर बनवतात. डब्यावरून काही कळत नाही, फोटोवरून तर नाहीच. कळतं ते इंजिन बंद पडल्यावर, म्हणजे उशिरा. म्हणून पार्ट पारखण्याआधी पार्टवाला पारखायचा, असा मिस्त्रींचा हिशोब होता, आणि त्यासाठी त्यांची स्वतःची एक परीक्षा होती.

नवा पार्टवाला ऐकिवात आला, की मिस्त्री त्याला फोन लावायचे. आवाज अगदी भोळा करायचे. "अहो, माझ्याकडे ती गोल पाठीची जुनी गाडी आहे. तिचा वॉटर पंप मिळेल का?"

आता पाणीच नसलेल्या गाडीला वॉटर पंप कुठून असणार! जाणता असेल तो हसायचा, नाहीतर शिव्या घालून फोन आपटायचा. शिव्या घालणारे मिस्त्रींना फार आवडायचे. आणि जो म्हणायचा, "आहे ना साहेब, शेवटचाच पीस आहे, पत्ता पाठवा," त्याला मिस्त्री रविवारच्या मंडळींत असं काही धुवून काढायचे, की त्याच्या दुकानाच्या पायरीवर नंतर कुणी पाय ठेवायचं नाही. कुणी किती वर्षं धंद्यात आहे, दुकान किती चकाचक आहे, याचं मिस्त्रींना काही नव्हतं. "जो 'नाही' म्हणू शकतो, त्याच्याकडून घ्या," म्हणायचे. मिस्त्रींनी पास केलं म्हणजे पास. शब्दाला एवढी किंमत होती त्यांच्या.

आणि त्याच शब्दाचं त्यांनी काय केलं, ते ऐका.

जावईबापूंचं नळ, शॉवर, बेसिनचं दुकान होतं, ते चाललं नाही. माणूस सरळ होता, राबणारा होता, पण मुखदुर्बळ. वर्षभर घरी बसले. लेक बारीक होत चालली. मग एक दिवस दोघंही मिस्त्रींकडे आले आणि लेक म्हणाली, "बाबा, यांनी ठरवलंय. जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान काढायचं. तुमची एवढी ओळख आहे, तुम्ही एक शब्द टाकलात तर सगळे येतील."

मिस्त्रींच्या ओठावर 'नाही' आलं होतं. पण लेक समोर बसलेली, आशेनं बघणारी. दुकान उघडलं. फळ्या लागल्या, डबे लागले, लेकीनं प्रत्येक डब्यावर आपल्या सुबक अक्षरात नाव लिहिलं. पहिल्याच आठवड्यात मिस्त्री दुकानात गेले आणि गंमत म्हणून, अगदी गंमत म्हणूनच, काउंटरला टेकून म्हणाले, "काय जावईबापू, गोल पाठीच्या गाडीचा वॉटर पंप आहे का?"

जावईबापूंनी मागे वळून फळ्यांवरून नजर फिरवली. "आत्ता नाही बाबा, पण दोन दिवसांत मागवतो. ओरिजिनल हवा की कॉपी चालेल?"

लेक तिथेच होती. बापाची परीक्षा तिला लहानपणापासून पाठ. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला, की मिस्त्रींनाच बघवेना. ते मोठ्यानं हसले, जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मस्करी केली हो!" मग जावयाला समजावून सांगितलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

इथवर ठीक होतं. चूक कुणाचीही होते, शिकतो माणूस. पण रविवारी मंडळींनी विचारलं, "काय मिस्त्री, जावयाची परीक्षा घेतली की नाही?" आणि मिस्त्री म्हणाले, "घेतली तर! फोनच आपटला माझ्यावर."

सगळे खदाखदा हसले. मिस्त्रीही हसले. त्या दिवसापासून दुकान चालू लागलं.

त्या मंडळींत एक सिस्टर होत्या. रिटायर झालेल्या नर्स, पण सगळं गाव अजून सिस्टरच म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या शहरात. निळी गाडी त्या स्वतः चालवायच्या, एकट्या, लांब लांब. तरुणपणी रात्रपाळीला याच गाडीतून जायच्या. त्यांच्या गाडीचं इंजिन मिस्त्रींनी नव्यानं बांधायला घेतलं आणि व्हॉल्व्ह मागवले, अर्थात जावयाकडून.

चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला लोहचुंबक चिकटत नाही, हे मिस्त्रींना झोपेतही माहीत. खिशात चुंबक कायम असायचा. कुणाचेही व्हॉल्व्ह आले, की आधी चुंबक, मग चहा. पण या वेळी डब्यावर लेकीचं अक्षर होतं. चुंबक खिशातून काढला आणि त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. लेकीच्या हातून आलेलं तपासून घ्यायचं? पोटच्या पोरीवर संशय? चुंबक परत खिशात गेला. आता याला काय म्हणायचं! दुनियेला शहाणपण शिकवणारा माणूस, आणि ऐन वेळी ही अक्कल.

महिना-दीड महिना गाडी झकास धावली. मग शहराबाहेरच्या लांब चढावर धाडकन आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. मागून ट्रक येत होता. सिस्टरनी कशीबशी गाडी कडेला घातली. ट्रकवाल्यानं खिडकीतून तोंड काढून वाट्टेल ते ऐकवलं आणि तो निघून गेला.

गाडी ओढत गॅरेजात आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचं डोकं दांड्यापासून तुटलं होतं आणि त्यानं पिस्टनचा चुरा केला होता. चालवण्यात चूक होऊन इंजिन तापलं असतं, तर धातूचा रंग बदलला असता. कुठेच बदलला नव्हता. मिस्त्रींनी तो तुटका तुकडा हातात घेतला आणि चुंबक लावला. टक्कन चिकटला.



संध्याकाळी सिस्टर आल्या. लेकही नेमकी त्याच वेळी आलेली, चहाचा थर्मास घेऊन. मिस्त्रींना वाटलं, आता सिस्टर फाडून खाणार, आणि खाव्यातच. तोंड उघडून सांगायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण सिस्टर दारातच उभ्या राहिल्या, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळत, आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला माफ करा हो."

"अं?"

"तुम्ही एवढा जीव ओतून इंजिन बांधलंत आणि मी त्याची वाट लावली. चढावर गिअर बदलायलाच हवा होता मी. तसंच रेटत राहिले. इंजिन ओरडत असणार, मला कळलंच नाही. माझीच चूक. माफ करा."

लेक थर्मासचं झाकण हातात धरून बापाकडे बघत होती.  

मिस्त्रींच्या तोंडून शब्द निघाले, ते कुठून निघाले त्यांनाही कळलं नाही. "होतं असं, सिस्टर. मनाला लावून घेऊ नका. वयोमानानं कान थोडे मंद होतात. इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही मग."

गप्प बसले असते तरी चाललं असतं! पण नाही, वर कानाची पुस्ती जोडली. सिस्टरनी हळूच स्वतःच्या कानाला हात लावला आणि मान हलवली. "असेल. असेलच."

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा बांधलं, या वेळी लांबून मागवलेल्या व्हॉल्व्हवर, प्रत्येकाला चुंबक लावून. सिस्टरकडून एक छदाम घेतला नाही. मंडळींत बोलबाला झाला: "चूक बाईंची, तरी मिस्त्रींनी फुकट करून दिलं. असा माणूस शोधून सापडायचा नाही." ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मिस्त्रींना ते ऐकताना सीटखाली तोंड लपवावंसं वाटायचं, पण ऐकून घ्यायचे. दुसरं करणार काय?

जावयाला त्यांनी बाजूला घेऊन ते व्हॉल्व्ह फळीवरून काढायला लावले. विकले गेलेले फक्त सिस्टरचेच होते, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. जावई रडकुंडीला आले. "बाबा, मला खरंच माहीत नव्हतं. ज्याच्याकडून घेतले त्यानं चांगले म्हणून दिले." आणि ते खरं होतं. जावई लबाड नव्हते, अडाणी होते. या सगळ्या प्रकरणात लबाड एकच माणूस होता, आणि तो रोज सकाळी मिस्त्रींना दाढी करताना आरशात दिसायचा.

गाडी दुरुस्त झाली, पण सिस्टर काही ती चालवताना दिसेनात. चढावरची गोष्ट कळल्यावर मुलगा आला होता, आणि जाताना गाडीची किल्ली घेऊन गेला होता. "आई, बास झालं आता. मागचा ट्रक अंगावर आला असता तर?" सिस्टरनी वादही घातला नाही. घालणार कशाच्या जोरावर?

एक दिवस मिस्त्रींना त्या बसस्टॉपवर भेटल्या. भाजीची पिशवी पायाशी, उन्हात उभ्या. मिस्त्री रस्ता ओलांडून पळणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"मिस्त्री, बरं झालं भेटलात. कुणी चांगलं गिऱ्हाईक असेल तर सांगा. निळी देऊन टाकते. उभी राहून गंजण्यापेक्षा कुणीतरी फिरवेल."

"अहो, विकता कशाला? इंजिन नवं आहे."

"इंजिन नवं आहे, मी जुनी आहे ना!" त्या हसल्या. मग जरा जवळ येऊन, गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मशीन लावून सगळं तपासलं. ते म्हणतात, कान ठणठणीत आहेत. पण डॉक्टरांना इंजिनातलं काय कळतंय? तुम्ही म्हणालात, म्हणजे असणारच काहीतरी."

बस आली. सिस्टर दांडीला धरून सावकाश चढल्या. मिस्त्री तिथेच उभे. शरमेनं अंगाची लाहीलाही झाली त्यांच्या. डॉक्टरपेक्षा आपला शब्द मोठा मानला या बाईनं! आणि आपण काय शब्द दिला तिला?

ते तसेच लेकीकडे गेले. लेकीनं दार उघडलं, त्यांचं तोंड पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"बाबा, नका."

"त्या गाडी विकताहेत, बाळा."

"आता कुठे आम्ही दोन घास सुखानं खातोय. तुम्ही बोललात तर उद्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही. आणि तुमचं काय होईल? रविवारी कोण येईल तुमच्याकडे?" तिचा आवाज फुटला. "त्यांचं काय, एक गाडी गेली. आमचं सगळं जाईल."

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  तिनं तो हात झटकून टाकला आणि आत निघून गेली. सकाळी मिस्त्री आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून सिस्टरच्या घरी गेले.

सिस्टरचं घर म्हणजे एक छोटी खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून खाली ताडपत्रीखाली झाकलेली गाडी दिसत होती. सिस्टरनी चहा ठेवला. मिस्त्री म्हणाले, "चहा नंतर," आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. व्हॉल्व्ह खोटा होता. तुमच्या चालवण्यात काही चूक नव्हती. कान ठीक आहेत तुमचे.

मिस्त्रींना वाटलं होतं त्या ओरडतील. पण सिस्टरचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे... मी नव्हते?"

"नाही."

"मला चालवता येते?"

"माझ्यापेक्षा चांगली येते."

"अगंबाई!" सिस्टरनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळ्यांत पाणी तरारलं. आनंदानं! मिस्त्रींना ते बघवेना. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सोसलं असतं, पण हे सुख त्यांना सोसवेना. सिस्टरनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. "सांगा, हेच सांगा त्याला. म्हणावं किल्ली पाठवून दे."

मिस्त्रींनी सांगितलं. पलीकडे मुलगा सगळं ऐकून घेऊन अगदी आदरानं म्हणाला, "काका, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. दुरुस्तीचे पैसेही घेतले नाहीत, आणि आता आईचं मन राखायला दोष स्वतःवर घेताय. पण असं नका करू. तिला खोटी आशा लावू नका. उद्या काही झालं तर?"

"अहो, खरंच सांगतोय मी."

"काका, तुम्ही खोटा पार्ट बसवाल? तुम्ही? कुणी सांगितलं तरी पटेल का?"

सिस्टर मिस्त्रींकडे बघत होत्या.  अर्धं सांगून भागणार नव्हतं. आयुष्यभर सांभाळलेलं नाव आडवं आलं होतं, आणि ते बाजूला केल्याशिवाय किल्ली येणार नव्हती.

"ऐका," ते म्हणाले. "पार्ट माझ्या जावयाच्या दुकानातला होता. त्याला यातलं काही कळत नाही, हे मला माहीत होतं. मी परीक्षा घेतली होती, तो नापास झाला होता. मी सगळ्यांना सांगितलं पास झाला. लेकीसाठी. व्हॉल्व्ह तपासायचा, तोही मुद्दाम तपासला नाही. तुटला तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. तरी मी तुमच्या आईला म्हणालो, की तुमचे कान गेलेत. आता पटलं?"

 मग मुलगा म्हणाला, "आईला फोन द्या." या वेळी 'काका' म्हणाला नाही.

सिस्टरनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला. "हं... हो... हं. शनिवारी घेऊन ये." फोन खाली ठेवला. चेहऱ्यावरचं मघाचं सगळं उतरलं होतं. गॅसवर चहा उतू जात होता. त्यांनी जाऊन गॅस बंद केला, पण कप काढले नाहीत.

"रविवारी मंडळींना मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "सगळं."

"सांगा. ते तुमचं तुम्ही बघा."

"सिस्टर, माझं चुकलं. मला..."

"थांबा, मिस्त्री." आवाज चढवला नाही त्यांनी. रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं शांत बोलल्या. "पार्ट खोटा निघाला, त्याचं मला काही नाही. लोखंड आहे, तुटतं. लेकीसाठी खोटं बोललात, तेही समजू शकते, मीही आई आहे. पण त्या दिवशी मी तुमच्या दारात उभी राहून तुमची माफी मागितली. आणि तुम्ही ती घेतलीत."

 सिस्टरनी जाऊन दार उघडलं आणि ते धरून उभ्या राहिल्या. मिस्त्री बाहेर आले, वाकून चपला शोधू लागले, आणि समोर असूनही त्या चपला त्यांना बराच वेळ दिसेनात.